खोट आधी सांगायची

माल दाखवताना खोट आधी सांगायची, किंमत मागाहून. गादीकाका आयुष्यात एवढी एकच विद्या शिकले होते, आणि तिच्या जोरावर त्यांनी निम्म्या शहराला झोपवलं होतं.

गादीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आईबापांबरोबर दुकानात येणारी पोरंटोरं गाद्यांवर उड्या मारायची, काका त्यांना मारू द्यायचे, म्हणून पोरांनी ते नाव पाडलं आणि पुढे सगळ्यांनीच उचललं. दुकान लांबट होतं, मागच्या बाजूला अंधारं. दोन्ही भिंतींना गाद्या उभ्या टेकवलेल्या असायच्या आणि मधल्या वाटेने एका वेळी एकच माणूस जाऊ शकायचा, तोही फार जाडा नसला तर. गिऱ्हाईक आलं की काका आधी त्याला गादीला हातच लावू द्यायचे नाहीत.

"आधी ऐका," ते म्हणायचे. "ही गादी दिसायला झकास आहे, पण उन्हाळ्यात भाजून काढते. आणि कडेला बसून बूट घालायची सवय असेल तर वर्षभरात कड बसणार. आत्ताच सांगून ठेवतो, मग मला शिव्या देऊ नका."

एवढं बोलून ते गप्प बसायचे. खरी विद्या या गप्प बसण्यात होती. गिऱ्हाईक दोन क्षण बावरायचं, मग हसायचं, खांदे सैल सोडायचं आणि आपणहून विचारायचं, "मग चांगलं काय आहे हिच्यात?" एकदा का हा प्रश्न आला की गादी विकली गेली म्हणून समजा. तो प्रश्न आला नाही असं काकांच्या आठवणीत नव्हतं.

पण मालक थकले, त्यांच्या मुलांना गाद्यांत रस नव्हता, आणि लोक फोनवर बोट दाबून खोक्यात गुंडाळलेली गादी घरपोच मागवायला लागले. खोक्यातली गादी आपली खोट कशाला सांगते? दुकान बंद झालं. पन्नाशी ओलांडलेले गादीकाका एका सोमवारी सकाळी आंघोळ करून, कपडे करून, डबा हातात घेऊन दारात उभे राहिले आणि मग त्यांना आठवलं की जायचं कुठेच नाही.

काकू एका दवाखान्यात नाव-नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. त्यांच्या पगारात घर चालत होतं, म्हणजे चालल्यासारखं दिसत होतं. पण पूर्वी ज्या गोष्टी त्या सहज घेऊन यायच्या, त्या आता दुकानातच हातात घेऊन परत ठेवतात, हे काकांनी एकदा पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

इथे काकांच्या कानाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यानेच घडवलं. त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला होता. त्यात ते मशीन घालायचे, शेंगदाण्याएवढं, मातकट रंगाचं. उजव्या कानाला जवळच्या माणसाचं बोलणं कळायचं, पण बारीक, टोकदार आवाज दोन्ही कानांनी कधीच सोडून दिले होते. तर हे मशीन कानातून काढलं की त्याच्या बॅटरीचं झाकण उघडून ठेवायचं असतं. नाही उघडलं आणि मशीन मुठीत किंवा खिशात राहिलं, तर ते शिट्टी वाजवतं. आणि काका झाकण उघडायला हमखास विसरायचे. दुकानातून आले की मशीन काढायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे आणि डोळे मिटून आरामखुर्चीत बसायचे. शिट्टी साऱ्या घराला ऐकू यायची, ज्याच्या खिशात वाजतेय तो मात्र ढिम्म.

"अहो, शिट्टी!" काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या. तेही काकांना ऐकू यायचं नाही. मग त्या ओल्या हाताने येऊन त्यांच्या खिशातून मशीन काढायच्या आणि झाकण उघडायच्या. संसारात असं बरंच काही न बोलता चालतं, त्यातलंच हे एक.

तर नोकरी. पहिली मुलाखत मिक्सर आणि फ्रिजच्या दुकानात होती. समोर बसलेल्या साहेबाच्या मिशीचं अजून नक्की ठरलं नव्हतं. त्याने पेन टकटक करत विचारलं, "तुमच्याबद्दल काहीतरी सांगा."

काकांनी घसा साफ केला. "मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मशीन लावतो. कॉम्प्युटरवर बिल करायला मला इतरांपेक्षा वेळ लागतो. आणि जेवणानंतर थोडा वेळ माझं डोकं चालत नाही."

आणि ते गप्प बसले. आता हा हसेल, खांदे सैल सोडेल आणि विचारेल, 'मग चांगलं काय आहे तुमच्यात?' काकांकडे उत्तर तयार होतं. चांगलं पुष्कळ होतं. कुठल्याही नवरा-बायकोच्या जोडीत निर्णय कोण घेतं हे त्यांना दारातच कळायचं. रागावून आलेल्या गिऱ्हाइकाला ते हसवून परत पाठवू शकत होते. हे सगळं जिभेच्या टोकावर घेऊन ते वाट बघत बसले.

साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. कळवतो."

दुसऱ्या ठिकाणी तेच झालं, तिसऱ्या ठिकाणीही तेच. 'कळवतो' म्हणणारा माणूस कधीच कळवत नाही, हे जगाला ठाऊक आहे. काकांना मात्र फोन चार्जिंगला लावतानाही तो डोळ्यांसमोर ठेवायची सवय लागली.

"पण तुम्ही सांगितलंत तरी काय त्यांना?" काकूंनी शेवटी विचारलं. काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी लाटणं खाली ठेवलं.

"अहो, तुम्ही काय गादी आहात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणतं का? हे चार दुकानांत जाऊन सांगतात, आंबट आहे, पातळ आहे, वर माशीही पडलीय!"

"माशी नाही म्हटलं मी."

"तेवढंच राहिलंय."

काकांना राग आला. राग काकूंचा नव्हता, कारण त्यांचं खरंच होतं. राग याचा होता की जी गोष्ट इतकी वर्षं बिनचूक चालली ती आता चालेनाशी झाली, आणि का ते कुणी सांगायला तयार नव्हतं.

सांगायला तयार असलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका काकूंचा धाकटा भाऊ होता. काकांचा हा मेहुणा क्लास चालवायचा. झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, त्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, एका भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं वाक्य: 'बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं.' नोकरी शोधणाऱ्या माणसाने स्वतःची जाहिरात कशी करावी, हे तिथे शिकवलं जायचं. मेहुण्याने स्वतः कधी कुणाकडे नोकरी केली नव्हती. पण उंटावरून शेळ्या हाकायला शेळ्यांचा अनुभव लागतोच असं नाही.

हॉलच्या दाराशी एक टेबल होतं. त्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिहायची, प्रवेश करून घ्यायचा, पंखे लावायचे, आरसा पुसायचा. पूर्वी तिथे मेहुण्याचा एक चुलत भाऊ बसायचा. मेहुणा त्याला भर वर्गात "हे बघा, आत्मविश्वास नसला की असं होतं" म्हणून उदाहरणादाखल उभं करायचा. शेवटी तो बिचारा गाव सोडून गेला. टेबल रिकामं होतं.

"भावोजी, टेन्शन कशाला घेता?" मेहुणा म्हणाला. "कुठे नाही जमलं तर आपलं टेबल आहेच. पण मला एक तारखेपर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

हाच मेहुणा एकदा घरच्या सगळ्या माणसांसमोर म्हणाला होता, "आमचे भावोजी काय, लोकांच्या झोपा विकतात." सगळे हसले होते, काकाही हसले होते. पण ते वाक्य काट्यासारखं आत राहिलं होतं. जगात कुठेही झाडू मारीन, असं काकांनी मनाशी ठरवलं, पण त्या टेबलावर बसणार नाही. आणि एक तारीख जवळ येत होती.

तेवढ्यात एका मोठ्या फर्निचरच्या शोरूममधून बोलावणं आलं. पलंग, गाद्या, कपाटं, सगळं एका छताखाली. गाद्यांच्या विभागात अनुभवी माणूस हवा होता. काकांनी तो मेसेज काकूंना वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा स्वतःला वाचून दाखवला. अशी जागा परत येणार नाही हे त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच ते मेहुण्याकडे गेले. अडला हरी, दुसरं काय.

मेहुण्याने त्यांना आरशासमोर उभं केलं.

"आधी सांगा, तुम्ही कोण?"

"गाद्या विकणारा."

"चूक! तुम्ही निद्रा-सल्लागार."

"काय?"

"निद्रा-सल्लागार. लोकांच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा तुमच्या हातात आहे. म्हणा."

काकांनी म्हटलं. आरशातल्या माणसाला ते पटलेलं दिसलं नाही.

"आता खोट. तुमची उणीव काय, असं विचारतातच. काय सांगाल?"

"डावा कान..."

"भावोजी!" मेहुण्याने कपाळाला हात लावला. "पालथ्या घड्यावर पाणी! उणीव विचारली की सांगायचं, 'मी कामात फार काटेकोर आहे, तीच माझी उणीव.' म्हणजे विचारणारा गप्प. आणि ते मशीन काढायचं. समोरच्याची पहिली नजर तिथेच जाते."

"मग ऐकू कसं येणार?"

"उजवा कान आहे ना? उजवी बाजू पुढे करून बसा. आजवर तीन ठिकाणी खरं बोललात, काय मिळालं?"

काकांनी पाठ केलं. आरशासमोर, न्हाणीघरात, भाजी निवडताना ते पुटपुटत राहिले, "मी एक उत्साही, ध्येयवेडा..." ध्येयवेडा म्हणताना त्यांची जीभ दर वेळी अडखळायची. काकू ऐकत आपलं काम करत राहायच्या. जायच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी शर्टाची कॉलर नीट करता करता विचारलं, "मशीन काढायलाच हवं का हो?"

"तुझाच भाऊ म्हणतो."

"तो काय, काहीही म्हणतो," काकू म्हणाल्या. पण काढू नका, असंही त्यांनी म्हटलं नाही. त्यांनाही ती नोकरी हवी होती.

शोरूम म्हणजे खोटी घरं होती. एकापुढे एक मांडलेल्या झोपायच्या खोल्या, त्यांना तीनच भिंती. टेबलावर पुठ्ठ्याचा टीव्ही, फळीवर आतून कोरी पुस्तकं, पलंगावर चादर अशी ताणलेली की त्यावर कधी कुणी झोपेल असं वाटू नये. छतातून संगीत वाजत होतं. काका बाहेरच्या बाकावर मशीन काढावं की नाही याचा विचार करत बसले होते, तोच आतून कुणीतरी हाक मारली. त्यांनी घाईघाईने मशीन उपटलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि उठले.

मॅनेजर चाळिशीतल्या बाई होत्या. साध्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या, पायांत धावायचे बूट. त्यांच्याबरोबर एक चष्मेवाला मदतनीस होता. हॉलमध्येच एका पलंगाशी थांबून त्या म्हणाल्या, "बोलण्याआधी एक काम करा. ही गादी मला विका."

काकांनी गादीकडे पाहिलं. हात टेकवला, कोपरा उचलून खाली वाकून बघितला, आणि ध्येयवेडा वगैरे सगळं क्षणात डोक्यातून उडालं.

"आधी खोट सांगतो," ते म्हणाले. "ही मऊ आहे, दुकानात दोन मिनिटं आडवं पडलात तर स्वर्ग वाटेल. पण तुम्ही दिवसभर उभ्या असता, बूट सांगतायत. महिन्याभराने तुमची कंबर हिला शिव्या देईल. शिवाय ही वजनाला एवढी आहे की चादर बदलताना दोन माणसं लागतील." आणि ते गप्प बसले.

बाई हसल्या. खांदे सैल झाले. "मग चांगलं काय आहे हिच्यात?"

काकांच्या अंगात वीज गेली. किती दिवसांनी कुणीतरी तो प्रश्न विचारला होता! पुढची काही मिनिटं ते आपल्या राज्यात होते. त्यांनी बाईंना शेजारची गादी दाखवली, तिचीही खोट सांगितली, पुन्हा पहिलीवर आणलं, आईसाठी घेणार की स्वतःसाठी ते विचारलं. मदतनीस लिहायचं विसरून ऐकत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "मी खरंच घेतली असती हो," आणि त्यांना काचेच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या.

त्या खोलीत संगीत नव्हतं. दार लागलं आणि बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. काका उजवी बाजू पुढे करून बसले. बाईंनी टेबलावर कोपरं टेकली. त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं.

"आता तुमच्याबद्दल सांगा. तुमच्याच पद्धतीने. खोट आधी."

नोकरीचं दार उघडं होतं, आत पाऊल टाकायचाच अवकाश होता. डावा कान, असे दोन शब्द काकांच्या ओठांपर्यंत आले. पण त्या दोन शब्दांनी आजवर काय मिळालं होतं? मिशी न ठरलेला साहेब, 'कळवतो', चार्जिंगचा फोन. एक तारीख, टेबल, आरसा. काकांनी शब्द गिळले.

"मी कामात फार काटेकोर आहे," ते म्हणाले. "तीच माझी उणीव."

बाईंचं हसू जरासं उतरलं. मदतनीसाने मान वर करून छताकडे पाहिलं, मग एसीकडे. उठून एसीला कान लावून आला. काकांना वाटलं, याला उकडतंय. ते पुढे बोलत राहिले, उत्साही, ध्येयवेडा, निद्रा-सल्लागार. या खेपेला जीभ एकदाही अडखळली नाही. बाई त्यांच्या छातीकडे बघत होत्या. शर्टाला डाग पडला की काय, म्हणून काकांनी हळूच खिशावर हात ठेवला, तसा मदतनीसाने चेहरा वेडावाकडा करून खाली बघितलं.

"काही सांगायचं राहिलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे तब्येतीची काही अडचण, कसली मदत लागत असेल... आम्हाला चालतं. फक्त आधी कळलेलं बरं."

"माझ्यात अडचण अशी काहीच नाही," गादीकाका म्हणाले. हात अजून खिशावर होता.

बाईंनी फाइल मिटली. "ठीक आहे. कळवते."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंच्या मांडीवरचं लहान मूल टक लावून काकांकडे बघत होतं. पुढच्या सीटवरच्या दोघांनीही मागे वळून पाहिलं. काकांनी सगळ्यांकडे बघून मान डोलावली. यशस्वी माणसाच्या चेहऱ्यावर तेज असतं असं मेहुणा म्हणायचा, ते आलं असेल असं त्यांना वाटलं. 'कळवते' हा शब्दही आज वेगळा वाटत होता. त्या गादी घ्यायला निघाल्या होत्या की!

काकूंनी दार उघडलं.

"जमलं बहुतेक!" काका आत येत म्हणाले. "एकही खोट सांगितली नाही. तुझ्या भावाला फोन करून सांग..."

काकू त्यांच्याकडे बघत दारातच उभ्या होत्या. मग त्या पुढे आल्या आणि काकांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "अहो, शिट्टी वाजतेय."

त्यांनी नेहमीसारखा खिशात हात घातला, मशीन काढलं, झाकण उघडलं. काकांना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. शिट्टी सुरू होती तेव्हाही नाही आणि थांबली तेव्हाही नाही. पण एसीला कान लावणारा मदतनीस त्यांच्या डोळ्यांपुढे आला. मग छातीकडे बघणाऱ्या बाई, खिशावरचा आपला हात, बसमधलं मूल.

"कधीपासून वाजत असेल?" त्यांनी विचारलं.

"मला कसं कळणार?" काकू म्हणाल्या. त्यांना आधी हसू फुटलं, ते त्यांनी तोंडावर हात ठेवून दाबलं, आणि हात काढला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. काकांनी चप्पल काढली आणि भिंतीवर भिरकावली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी भिरकावलं होतं. शरमेने त्यांचे कान, चालणारा आणि न चालणारा दोन्ही, लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन नीट कानात बसवलं आणि शोरूमला फोन लावला. बाईच बोलल्या.

"मॅडम, मी कालचा, गादीवाला. माझी एक खोट सांगायची राहिली."

"ती आम्हाला ऐकू येत होती, काका," बाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "मी दोनदा विचारलं तुम्हाला."

"हो."

"मशीन मला चाललं असतं हो. पण माल घरी गेल्यावर तक्रार येते, तेव्हा माणूस खरं बोलतो की नाही, हे मला बघावं लागतं. बाहेर तुम्ही गादीबद्दल इतकं खरं बोललात आणि आत येऊन... मी त्या जागेवर दुसऱ्यांना घेतलं. आज सकाळीच."

काका फोन ठेवणार होते, पण ठेवला नाही. आतमध्ये साठलेलं सगळं वर आलं.

"मॅडम, याआधी तीन ठिकाणी पहिल्याच वाक्यात सांगितलं मी. तिघांनीही दार दाखवलं. सांगितलं तरी घरी, लपवलं तरी घरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मग कुठल्या दारात खरं बोलायचं आणि कुठल्या दारात नाही, याची पाटी तरी लावा ना कुणीतरी बाहेर!"

बाई म्हणाल्या, "तेही खरंच आहे," आणि हे त्या मनापासून म्हणाल्या. पण मनापासून म्हटल्याने भरलेली जागा रिकामी होत नाही.

एक तारखेला गादीकाका झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना चढले आणि टेबलामागे बसले. मेहुण्याने आरसा कसा पुसायचा ते दाखवलं. वर्गात दोन वेळा त्यांचं उदाहरण दिलं, नाव न घेता, पण सगळ्यांनी मान वळवून टेबलाकडे पाहिलं. काका रजिस्टरमध्ये रेघा मारत राहिले.

दुपारी एक माणूस आला. त्यांच्याच वयाचा, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेला, हातातली फाइल पोटाशी धरलेली. कानात मशीन असतं तर तो काकांचाच भाऊ शोभला असता.

"इथे... याचा उपयोग होतो का हो?" त्याने विचारलं.

आतल्या हॉलमध्ये मेहुणा कुणालातरी ध्येयवेडा म्हणायला लावत होता. काकांनी समोरची खुर्ची पुढे ओढली.

"बसा," ते म्हणाले. "आधी खोट सांगतो. हा क्लास करून मी मुलाखतीला गेलो आणि हातात आलेली नोकरी घालवून बसलो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कान, मशीन, काटेकोरपणा, शिट्टी, बाईंचा फोन, काहीही राखून न ठेवता. हा आता उठून जाईल, जाऊ दे, मेहुण्याचं एक तरी गिऱ्हाईक कमी होऊ दे, अशी त्यांची सरळ सरळ इच्छा होती. मग ते गप्प बसले.

माणूस दोन क्षण बावरला. मग हसला. पोटाशी धरलेली फाइल त्याने मांडीवर ठेवली, खांदे सैल सोडले आणि विचारलं, "मग चांगलं काय आहे या क्लासात?"

काकांनी तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून उत्तर निघून गेलं. चार लोकांत उभं राहून बोलायची भीड चेपते, ते म्हणाले, पंखे चांगले आहेत, आणि एकट्याने घरी बसण्यापेक्षा बरं. माणसाने खिशातून पेन काढलं आणि प्रवेशाचा फॉर्म ओढून घेतला. "तुम्ही खरं बोललात म्हणून," तो म्हणाला.

त्यानंतर एक बाई आल्या, त्यांनीही फॉर्म भरला. संध्याकाळी मेहुणा बाहेर आला, फॉर्म चाळले आणि काकांच्या पाठीवर थाप मारली.

"बघा भावोजी! मी म्हणत नव्हतो? एकदा स्वतःवर विश्वास बसला की माणूस काहीही विकू शकतो. उद्या वर्गात तुमचं हे उदाहरण देणार मी. आधी कसे होतात, माझ्या हाताखाली कसे झालात..."

तो बोलतच होता. गादीकाकांनी डाव्या कानाला हात लावला, मशीन काढलं, खिशात टाकलं आणि उजवा कान भिंतीकडे केला. बॅटरीचं झाकण उघडायला ते या वेळी विसरले नाहीत.